एकवीस तारखेपर्यंत

सोमवार, २६ नोव्हेंबर २०१२

नत्थुजींच्या बोअरला गरम पाणी लागलं! साडेनऊशे फुटांवर. सकाळच्या गारठ्यात पाइपातून वाफा निघत होत्या म्हणे. अर्धं शेंदूरजना तिकडे धावलं.

नत्थुजी आमचे शेजारी. त्यांच्या मोसंबीच्या बागेला सध्या ताण दिलाय. पाणी तोडून झाड उपाशी ठेवायचं, मग जानेवारीत पाणी सोडलं की ते फुलतं. त्या पाण्यासाठी हा बोअर. पाणी लागलं याचा आनंद राहिला बाजूला, माणसं वाफेकडे बोटं दाखवत बसली. सालबर्डीच्या झऱ्यात लोक हौसेने अंघोळ करतात, ते गरम पाणी चालतं. हे नाही चालत!

नववीच्या वर्गात हीनाने हात वर केला. झाडावरच बहार विकत घेणारे बागवान जैनुद्दीनभाई, त्यांची मुलगी, चुणचुणीत. "बाई, टीवीवर थो अमेरिकेचा मोठा ज्वालामुखी दाखवते. तसा आपल्या खाली हाय का?" मी म्हटलं, अगं, आपली काळी माती म्हणजे लाव्हाच. इथली जमीन फाटली, तेव्हा वर आलेला. पुढचं वाक्य होतं की याला साडेसहा कोटी वर्षं झाली, आता सगळं थंड आहे. तेवढ्यात घंटा झाली. पोरं पळाली.

बुधवार, २८ नोव्हेंबर

"खाली आग हाय. आशाबाईनं सोता सांगतलं." किराणा दुकानात माझंच नाव माझ्या कानावर आलं. तारीखही ठरली आहे — एकवीस डिसेंबर. टीव्हीने ती जगबुडीची म्हणून साऱ्या जगासाठी दिली होती, गावाने आपल्यापुरती घेतली.

गुरुवार, २९ नोव्हेंबर

आज घरी अकरा माणसं आली. मोजली मी! ऑगस्टमध्ये हे गेले. तेरवीनंतर उंबरा ओलांडून कोणी आत आलं नव्हतं. रस्त्यात भेटले तरी नजर चुकवायचे. विधवेशी काय बोलावं कोणाला सुचत नाही, आणि मी तोंडाची तिखट, हेही आहेच.

आज बसले. चहा प्यायले. जैनुद्दीनभाई म्हणाले, "बाई, सच्ची बात बताव. मौसंबीचे बगीचे घेऊ का नको घेऊ?" सगळ्यांच्या मागे मैनाबाई उभी होती, नत्थुजींची बायको. तिने विचारलं, "फुटन का वो बाई, खरंच?"

मला ठाऊक आहे की काही फुटत नाही. खोल गेलं की पाणी कोमट लागतं, एवढंच. एक वाक्य बोलले असते तर सगळे हसत उठून गेले असते. आणि घर पुन्हा तसंच झालं असतं.

म्हणाले, "सांगता येत नाही."

तीस वर्षं भूगोल शिकवून हे! लाज वाटली. तरी गोड वाटलं. खरं म्हणजे मला ते फुटायलाच हवंय. सगळ्यांचं एकदम झालं तर माझं वेगळं काही करायला नको. माळ्यावर ह्यांच्या फवारणीच्या औषधाचा डबा आहे. मधूनमधून चढते, त्याच्यावरची धूळ पुसते, खाली उतरते. बस, एवढंच करते अजून.

एकवीसला नाही फुटलं तर बावीसला माझं मी पाहीन.

शनिवार, १ डिसेंबर

मैनाबाई तिन्ही दिवस आली. शाळा सुटते तोवर ओट्यावर येऊन बसलेली असते. आज तुरीच्या शेंगा उकडून आणल्या होत्या. खाता खाता मी बोलून गेले, "फुटलं तर बरंच होईल, मैनाबाई." तिने शेंग तोंडात धरून माझ्याकडे पाहिलं. 

मग म्हणे सूप पाहिजे, तिचं उंदरांनी कुरतडलं. माळ्यावर आहे म्हटलं, तर स्वतःच शिडी लावली. पोटात गाठ घेऊन शिडी चढते बाई! गर्भपिशवीची गाठ आहे, पाच तारखेला अकोल्याला ऑपरेशन. वर तिला फार वेळ लागला. सूप घेऊन उतरली, पदराने तोंड पुसलं. "किती धूळ वो बाई, माळ्यावर!"

सोमवार, ३ डिसेंबर

धाकट्या भावाचा, केशवचा, अकोल्याहून फोन. "ताई, जठारपेठेत ये राहायला. एकटी काय करतेस तिथे?" ज्वालामुखीची वाट पाहते, म्हटलं. तो हसला.

बुधवार, ५ डिसेंबर

शाळेतून आले तर ओट्यावर मैनाबाई! आज तिने अकोल्यात असायला हवं होतं.

"गेला नाहीत?"

"कायले पोट फाडाचं, बाई? एकवीसले सारंच चाललं. बावीसची तारीख भेटन तं पाहू."

पायाखालची जमीन सरकली. माझं एक वाक्य — सांगता येत नाही — ते घेऊन ही बाई घरी बसली. डॉक्टरने बजावलं होतं, उशीर करू नका. आता तरी तोंड उघडायचं! नाही उघडलं. चहा टाकला. दोन कप.

गुरुवार, ६ डिसेंबर

आजही बोलले नाही.

रविवार, ९ डिसेंबर

गावाची तऱ्हाच न्यारी. शेषराव आणि त्यांचा भाऊ शेताच्या धुऱ्यावरून बारा वर्षं बोलत नव्हते, काल एका ताटात जेवले. पार्बताबाईने पोरीच्या बाळंतपणासाठी राखलेलं तूप संपवून टाकलं. जैनुद्दीनभाईंनी बगीचे घेतले नाहीत ते नाहीतच, शिवाय नमाजानंतर सगळ्या शेतकऱ्यांकडे जाऊन "कहासुना माफ" म्हणून आले. हसू येतं, पण मला हसायचा हक्क नाही.

संध्याकाळी नत्थुजी आले. टोपी हातात धरून दारातच उभे. "घरची आयकत नाई वो. रगत जाते. राती कन्हते. तुमच्यावर इस्वास हाय तिचा. तुमी सांगून पाहा."

हो म्हटलं. ते गेल्यावर देवघरासमोर बसून राहिले. दिवासुद्धा लावला नाही.

बुधवार, १२ डिसेंबर

बोलले! मैनाबाई तूर सोलत होती. तिच्यासमोर खाली बसले आणि एका दमात सांगून टाकलं. काही फुटत नाही. इथली आग कोट्यवधी वर्षांपूर्वी विझली. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. खोटं बोलले, कारण तुम्ही सगळे येत होता. उद्याच्या उद्या अकोल्याला चला.

तिने मान वर केली नाही. "बरं," म्हणाली. "पन एकवीस जाऊ द्या."

मी ओरडले. अडाणी आहात म्हटलं! शिकल्या-सवरल्या माणसाने सांगितलेलं कळत नाही का? माझ्या खोट्यावर विश्वास ठेवता आणि खऱ्यावर नाही?

तिने दाणे सुपात ओढले. शांतपणे म्हणाली, "बाई, तुमी ताणावर हाय. ताण लय झाला ना, तं झाड फुलत नाई. वायते."

वाळते म्हणे! उद्धट बाई! तिच्या पोटाचं बोलतेय मी, आणि ही माझं काढते. रागाच्या भरात रडले. तिने पाणी आणून दिलं. माझ्याच माठातलं.

रविवार, १६ डिसेंबर

रोज सांगते. रोज "एकवीस जाऊ द्या". बसताना आता पोटावर हात धरून बसते. तिच्या कपाळावर घाम असतो, थंडीतही.

माळ्यावर कित्येक दिवसांत चढले नाही. सुचलंच नाही.

शुक्रवार, २१ डिसेंबर

शाळेत दोन मुलं. बाकी सगळं गाव बोअरवर. कोणी नारळ फोडला, कोणी लोबान लावला. दुपारपर्यंत वाट पाहिली. मग कोणाला तरी भूक लागली. पाच वाजता माणसं हसत घरी गेली. माझ्या घरावरून गेली, पण आत कोणी आलं नाही. एकाने रस्त्यातूनच आवाज दिला, "काय बाई, नाई फुटला तुमचा ज्वालामुखी!"

मैनाबाई आली. दिवेलागण झाली तरी उठेना. "आज इथंच निजतो," म्हणाली. मी म्हटलं, आता तरी अकोला?

"जाऊ. पन तुमी संग याल. मले तिथंचं काई समजत नाई."

शनिवार, २२ डिसेंबर

बावीस. मैनाबाईचं लुगडं, तिचे कागद, माझी शाल — पिशवी भरली. पहिल्या एसटीने निघालो. बावीसला काय करायचं ठरवलं होतं ते मोर्शी मागे पडल्यावर आठवलं.

बुधवार, २६ डिसेंबर, अकोला

झालं ऑपरेशन. डॉक्टर बाहेर आले, मास्क काढला. गाठ साधी नाही. पसरली आहे, जेवढी निघाली तेवढी काढली. "तीन आठवडे आधी आला असता तर..." म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिलं.

तीन आठवडे. पाच तारीख. माझा चहा, तिच्या शेंगा. मला सोबत पाहिजे होती म्हणून मी एक बाई खर्ची घातली. दुसरा शब्द नाही याला. केशव म्हणतो, ताई, असं बोलू नकोस, गाठ काय तुझ्या सांगण्यावरून वाढली? त्याला काय सांगू!

ती शुद्धीवर आली तेव्हा मी कोपऱ्यात उभी होते. तिने हाताने बोलावलं. मी गेले नाही. जाववलं नाही.

शुक्रवार, २८ डिसेंबर

काही नाही. जेवले नाही. तो डबा आठवतो. उद्या कपडे आणायला म्हणून गावी जाते.

शनिवार, २९ डिसेंबर, शेंदूरजना

सकाळी निघताना नत्थुजी दवाखान्याच्या फाटकापर्यंत आले. त्यांना सगळं सांगितलं. मी खोटं बोलले म्हणून ती थांबली, तुमची गुन्हेगार आहे, म्हटलं. ते टोपीची घडी घालत राहिले.

"नाई वो बाई. तिले कवाच भेव नोतं जमिनीचं. काल सांगतलं तिनं मले. म्हने, माळ्यावर साऱ्या सामानावर बोटभर धूळ, अन् एक औषधाचा डबा तेवढा पुसून साफ. म्हने, जमिनीचं नाई, बाईचं भेव हाय मले. एकवीसपावतर बाईले एकटं सोडाचं नाई. मंग पाहू पोटाचं."

घरी आल्या आल्या शिडी लावली. धुळीत डब्याचा गोल डाग, डबा नाही. त्या डागावर मैनाबाईने नेलेलं माझं सूप, पुसून ठेवलेलं.

दुपारच्या एसटीने परत जाते.