सुईचं टोक

२ मार्च

खोली मिळाली, आणि खोलीला चक्क खिडकी आहे! चार महिने शेडमध्ये दहा जणांत झोपलो, याचे पाय त्याच्या तोंडाशी. आता दार लावलं की मी राजा. पलंग, कपाट, भिंतीवर आरसा. इथून आमचं भंगाराचं यार्ड चालत दहा मिनिटं. मी तिथे दवाखान्यांतून टाकून दिलेली यंत्रं खोलतो. तांबं एका ढिगात, लोखंड दुसऱ्या, शिसं तिसऱ्या. मुकादम म्हणतो की तुझ्या अंगात मुंग्या आहेत, ज्या दिवशी तू एका जागी बसलेला दिसशील त्या दिवशी मी मिठाई वाटीन.

ही वही निघताना ताईने दिली. आई मी लहान असतानाच गेली, मला वाढवलं ते ताईने. चौथीत मी शाळा सोडली तेव्हा पुढचं लिहिणं-वाचणंही तिनेच शिकवलं, कान पिरगाळून. म्हणाली, फोनवर तू नुसता बरंय बरंय करतोस, राहिलेलं सगळं यात लिही, परत आलास की वाचेन आणि चुका काढेन. तर ताई, घे वाचायला.

३ मार्च, रविवार

घरमालक म्हातारे आहेत, एकटेच राहतात. नोकरीत असताना मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायचे. यार्डातले सगळे त्यांना हाडवाले काका म्हणतात. डाव्या हातात कायम मोजा. मोज्याची दोन बोटं रिकामी लोंबतात. 

मागच्या खोलीत काकांनी स्वतःचं एक्स-रेचं यंत्र बनवलंय, छंद म्हणून! कुणी कबुतरं पाळतं, हे हाडं बघतात. एक काचेची नळी, तिच्याभोवती शिशाचा पत्रा, मनगटाएवढ्या वायरी. बटण शेजारच्या खोलीत, भिंतीआड. दाबलं की यंत्र गुंऽऽ करतं. काळ्या कागदात गुंडाळलेली फिल्म खाली ठेवायची, मग न्हाणीघरात लाल दिवा लावून औषधाच्या पाण्यात धुवायची, की पाण्यातून चित्र वर येतं. आज एका कुलपाचं काढलं, आतल्या स्प्रिंगा मोजता येतात. मग माझ्या बुटाचं. अकरा खिळे निघाले, त्यातला एक वाकडा. तरीच टोचतो मेला.

संध्याकाळी काकांच्या फोनवरून ताईशी बोललो. यंत्राचं सांगितलं तर हसत सुटली. म्हणाली, काकांना म्हणावं आधी माझं बोट बघा. ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणाला आहे. काही वर्षांपूर्वी मशिनची सुई तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटातून आरपार गेली आणि टोक आत हाडात मोडलं. डॉक्टर म्हणाला राहू दे, काही खात नाही ते. थंडीत ठणकतं तेवढंच.

१० मार्च, रविवार

फोन भाऊजींनी उचलला. ताई जादा कामावर गेलीय म्हणे, मोठी ऑर्डर आहे. एरवी मला मेहुणे महाराज, मेहुणे महाराज करून छळतात. आज म्हणाले, जेवतोस ना रे बाळा. बाळा? मी म्हटलं भाऊजी, तब्येत बरी आहे ना तुमची. 

या आठवड्यात घड्याळ, शिंपला आणि एक मेलेला बेडूक. बेडकाची हाडं बघून मला उगाच वाईट वाटलं, इतकी माणसासारखी. मुकादमाला विचारून यार्डातल्या जुन्या, कोऱ्या फिल्म नेतो काकांसाठी. तो म्हणाला, ने ने, आणि एखादं अक्कल असलेलं डोकं सापडलं तर कळव, इथे गरज आहे.

१७ मार्च, रविवार

ताईचा घसा बसलाय म्हणे. मी म्हटलं नुसतं खाकरायला सांगा, तेवढं ऐकून ठेवतो फोन. भाऊजी म्हणाले झोपलीय. लाईन तुटली. की त्यांनी ठेवला.

मन लागेना. काका म्हणाले, चल, आज तुझा हात काढू. तुमचा का नाही काढत विचारलं तर म्हणाले, माझा काढून झाला. डावा पंजा फिल्मवर ठेवला, ते भिंतीआड गेले, गुंऽऽ झालं. खोलीत मी एकटा. हे मुद्दाम लिहून ठेवतो. मी एकटा होतो.

लाल दिव्यात चित्र वर आलं तर दोन हात. एक माझा. त्यावर दुसरा, बारीक हाडांचा, एखाद्याने उगाच हातावर हात ठेवावा तसा. मला वाटलं फिल्म जुनी आहे, आधीचं काहीतरी उमटलेलं असेल. पण काका स्टुलावर बसले आणि त्यांनी विचारलं की तुझ्या घरी कोण आजारी आहे का. मी म्हटलं कुणी नाही.

मग फिल्म खिडकीशी धरून पाहिली. त्या हाताच्या पहिल्या बोटात, पेराच्या आत, एक पांढरीशुभ्र रेघ. तांदळाच्या दाण्याएवढी. एका टोकाला अणकुचीदार, दुसरीकडे मोडलेली.

१८ मार्च

सकाळीच फोन लावला. ताई कुठे आहे विचारलंच नाही. कोणत्या दिवशी, एवढंच विचारलं.

भाऊजी लहान पोरासारखे रडले. सात तारखेला. ताप आला आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. मला कळवायचं नाही असं ठरलं, कारण मी करार मोडून धावत येईन आणि मग पुन्हा कुणी कामावर घेणार नाही. मी विचारलं हे कुणी ठरवलं. म्हणाले, तिनेच. शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांकडून वचन घेतलं. पुढे म्हणाले की आता येऊन तरी काय बघणार आहेस.

अकरा दिवस झाले. ती गेली आणि मी बेडकाची हाडं बघत बसलो होतो.

वही कुणासाठी लिहायची आता. तरी लिहितो. सवय झालीय.

२४ मार्च, रविवार

काकांच्या पाया पडलो तेव्हा त्यांनी आणखी दोन काढल्या. दोन्हीत ती आहे. पहिलीत तिची बोटं माझ्या मनगटाभोवती, घट्ट. ओली फिल्मच गालाला लावून बसलो, अंगभर औषधाचा वास. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दुसरीत तिची नखांकडची पेरं दिसत नाहीत. बोटं आखूड झाल्यासारखी. पेर नाही, पण सुईचं टोक मात्र होतं तिथेच, नुसतं अधांतरी.

काकांना दाखवलं. त्यांनी कपाटातून एक डबा काढला. आत एकेचाळीस फिल्म, सगळ्या त्यांच्याच डाव्या हाताच्या. काकू गेल्यावर असंच एकदा सहज काढायला गेले आणि तिचा हात आला, बांगड्यांसकट. मग रोज एक. पहिल्या फिल्ममध्ये काकूंचा अख्खा पंजा आहे. दहाव्यात बोटं नाहीत. तिसाव्यात नुसत्या बांगड्या. शेवटच्या सहा फिल्मवर फक्त काकांचा हात. त्यानंतर ती आलीच नाही. काका म्हणाले, यंत्राचे किरण आपल्याला जाळतात तसे गेलेल्यांनाही जाळतात. माझी दोन बोटं कापली त्याचं काही नाही, पण तिला मी बघून बघून संपवलं.

मग माझा हात यंत्राखाली ठेवलातच कशाला, असं मी ओरडलो. त्यांनी डबा बंद केला. म्हणाले, वाटलं, तुझ्या हाताशी तरी तुझी काकू येईल.

३१ मार्च, रविवार

काकांनी यंत्राच्या खोलीला कुलूप घातलं. आधी मला माझी ती मनगटाची फिल्म पुन्हा दाखवली. म्हणाले, अंगठा कुठल्या बाजूला आहे बघ, हाडं कशी ताणलीत बघ. ही तुझा हात धरत नाहीये. ओढतेय. यंत्राखालून बाहेर ओढतेय तुला. म्हणाले, तिला असू दे तुझ्याजवळ. न दिसता असू दे.

कळतंय मला. सगळं कळतंय.

डाव्या हाताची कातडी लाल झालीय, रात्रंदिवस खाजते.

२ एप्रिल, मंगळवार

दर मंगळवारी सकाळी काका हाताची मलमपट्टी करायला दवाखान्यात जातात, दुपारी येतात. किल्ली त्यांच्या चष्म्याच्या डबीत असते. मी कामावर खाडा केला. बटणाची वायर लांबवून खोलीत आत घेतली, त्यामुळे दुसरं कुणी लागत नाही.

दोन काढल्या. फक्त दोन. तिला आता बोटं नाहीत. तळव्याचीच हाडं उरलीत आणि त्या हाडांनीच ती माझं मनगट ढकलतेय.

माफ कर ताई. पण तू आहेस. तू आलीस.

९ एप्रिल, मंगळवार

तीन काढल्या. मनगटाशी संपतोय तिचा हात. टोक अजून तिथेच.

हाताला फोड आलेत. मुकादमाने बघितले आणि आज त्याने एकही विनोद केला नाही. उद्या स्वतः दवाखान्यात घेऊन जातो म्हणाला. मी म्हटलं, गरम पाणी सांडलं.

११ एप्रिल

काल मी मुकादमाबरोबर गेलो नाही. आज कामावरही नाही.

तिचा चेहरा आठवत नाहीये. आवाज आठवतो, कान पिरगाळलेला आठवतो, साडीचा रंग आठवतो. चेहरा आणायला गेलो की तिथे फिल्मवरचा हात येतो. माझ्याजवळ तिचा एकही फोटो नाही. लग्नातला एक भाऊजींकडे आहे, त्यात ती खाली बघतेय.

हात ठेवला म्हणून हात दिसला. डोकं ठेवलं तर —

१४ एप्रिल, रविवार

काकांना कळलं असावं. जेवताना माझ्या हाताकडे बघून त्यांनी ताट सारलं. म्हणाले, यंत्र फोडून टाकतो परवा, दवाखान्यातून आलो की. एकट्याच्याने उचलत नाही, तू मदत कर. मी हो म्हटलं.

परवा मंगळवार.

एकदाच बघायचंय. एकदा चेहरा बघितला की मग ती — मग राहू दे न दिसता. शपथ घेतो.

१६ एप्रिल, मंगळवार

दोन मोठ्या फिल्म आहेत, छातीच्या. दोनच.

पहिली काढली. टेबलावर आडवा झालो, गाल फिल्मवर. जागा ठेवली शेजारी. उशीवर ठेवायचो तशी, लहानपणी. बटण नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरलं. नीट यावं म्हणून.

आता पाण्यात आहे. वही न्हाणीघरात घेऊन बसलोय.

येतंय. माझं डोकं. शेजारी दुसरं. जवळ, अगदी जवळ. आलीस.

ताई, हे —

यात चेहरा नाहीये. नुसती कवटी आहे. डोळ्यांच्या जागी भोकं. कुणाचीही असेल अशी. मला कसं सुचलं नाही. महिनाभर हाडंच बघतोय आणि मला वाटलं — मला खरंच वाटलं तू दिसशील —

कपाळाचा वरचा भाग नाहीये. आत्ताच्या एका फिल्ममध्येच गेला.

जबडा उघडा आहे. मोठा उघडा. तू काहीतरी म्हणतेयस. ओरडतेयस का? की माझं नाव — हाडांवरून कळत नाही. रागावली असशील तर राग. काहीही चालेल.

काका आले. दार वाजवतायत. नाव घेऊन हाका मारतायत, रडतायत बहुतेक. कडी घातलीय.

डोकं जड झालंय. दुसरी नंतर — नाही, लगेच. एक फिल्म उरलीय. जबडा मिटलेला आला तर कळेल की तुझं बोलून झालं. उघडाच आला तर अजून सांगतेयस, आणि मग मी —

थांब ताई. एवढं एकच. हलू नकोस, मी आलोच, तू बोलत रा