महेकला आमच्या बोलीत सांगावे

मी, किशोरी कमळाकर घरत, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार बेलपाडा, तालुका पनवेल, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी हात न धरता हे मृत्युपत्र लिहिते. मुलगा हितेश म्हणेल, म्हातारीला चळ लागला. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, तो त्याने वाचावा.

१. सून कादंबरी हिला माझा सुकटीचा डबा द्यावा, न धुता. तिला माझ्या जेवणाचा वास येत असे, आणि माझ्या बोलण्याचाही.

२. नात महेक हिच्या शाळेचे मुख्याध्यापक सत्यजीत सर यांना माझी छडी. उभ्या नोकरीत मी ती एकाही पोरावर उगारली नाही, त्यांच्यासाठीच कोरी राहिली असावी. या गृहस्थांनी महेकला मंद ठरवले आणि घरी फक्त इंग्रजी बोला असे फर्मान काढले. पोर आता इंग्रजीतही गप्प असते आणि मराठीतही.

३. हितेशला काही नाही. पहिलीत त्याच्या वर्गाच्या बाई, तो आहे-नाहीला हाय-नाय म्हणाला की हसत, म्हणून हा वर्गात तोंड उघडत नसे आणि भीतीने चड्डी ओली करी. मी त्याला माझ्या वर्गात आणला, आमच्याच बोलीत मासळीचे वाटे मांडून बेरीज शिकवली. पोराला आधी कळावे लागते. पुस्तकी मराठी मग आपसूक आली, इंग्रजीही आली. तोच आता बायकोदेखत मला म्हणतो, "आई, तू महेकशी बोलूच नको. तुझ्या बोलीनं ती मागं पडते." असल्या नादानाने माझ्या पिंडालाही हात लावू नये. ते माझा भाचा बाळू करील.

४. बेलपाड्याचे घर महेकचे, एका अटीवर. तेराव्याला गावासमोर हितेशने हे मृत्युपत्र तिला आमच्या बोलीत समजावून सांगावे. अडला तर कोणी शब्द पुरवू नये. ऐकून महेकने एक तरी प्रश्न विचारला, तर घर तिचे. गप्प राहिली, तर घर गावच्या बालवाडीला, आणि ते कोणी घालवले हे तिला बापानेच सांगावे.

ती विचारील. बंदी आली त्या दिवशी माझ्या दारात उभी राहून म्हणाली होती, "आजी, तू माझ्याशी बोलत का नाय?" बोललीस तर पोर पुन्हा आणणार नाही, असे हितेशने बजावले होते. तो तिच्या मागेच उभा होता. मी तोंड मिटून घेतले.

तोच प्रश्न ती पुन्हा विचारील. उत्तर हितेशने द्यावे, सगळ्यांदेखत.

सही: किशोरी कमळाकर घरत

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
पद्मजा जोशी, निवृत्त शिक्षिका, पनवेल
जगन भोईर, शेजारी, बेलपाडा

बेलपाडा, ९ फेब्रुवारी २०२५