गाद्यांच्या जहाजात लागलेली झोप

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? जिना उतरताना वाजतो म्हणाला होतात. तो वाजायचा थांबला, की तुम्हीच जिना उतरायचे थांबलात? मामींना आता दोन्ही कानांनी ऐकू येतं असं कळलं, फार आनंद झाला. (म्हणूनच हे पत्र मोठ्याने वाचू नका.) इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. बंदरात जहाजावर माल चढला, की तो धड आहे ना हे पाहून दाखला द्यायचा. मागच्या महिन्यात एका जहाजात गाद्या भरल्या. कापसाच्या, नव्याकोऱ्या, थप्प्याच्या थप्प्या. जेवण करून मी जहाजाच्या पोटात उतरलो. वर आकाशाचा एक चौकोन, त्यातून तिरकं ऊन येत होतं आणि उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते, खाली पडायची त्यांना काही घाईच नव्हती. एक गादी दाबून पाहिली. दुसरी दाबून पाहिली. तिसरीवर बसून पाहिलं. (बसल्याशिवाय गादी कळत नाही.) पुढचं आठवत नाही.

जाग आली तेव्हा मिट्ट काळोख, आणि कुणीतरी मला जोजवत होतं. बराच वेळ मी आपला लहान होऊन पडून राहिलो. मग ध्यानात आलं, जोजवतोय तो समुद्र! वरचं झाकण लावून जहाज कधीच निघालं होतं. चाचपडत शिडी चढलो, झाकण बडवलं. एका खलाशाने उघडलं, मला पाहिलं, किंचाळला आणि परत लावलं. (त्याचंही काही चुकलं नाही. मी नखशिखान्त कापसाने माखलो होतो.)

कप्तान मात्र भला माणूस. कोण तुम्ही, म्हणाला. मी म्हटलं, तुमचा माल ठीक असल्याचा दाखला देणारा.

"मग, आहे का ठीक?"

"उत्तम आहे."

त्याने चहा मागवला आणि जहाज मागे वळवलं. मामा, सगळी नोकरी बंदरात गेली, पण समुद्रावर मी कधी गेलोच नव्हतो. कठड्याशी बसून राहिलो. किनारा दिसेना, कुणाची हाक येईना, पाण्याचा रंग आपला बदलतोय. नोकरी जाणार हे कळत होतं, पण ती दुसऱ्याच कुणाची तरी असावी असं वाटत होतं.

परतल्यावर मात्र ती माझीच निघाली. जहाजाच्या मालकाला खोळंब्याची भरपाई हवी आहे. गाद्या ज्या हॉटेलने मागवल्या होत्या, त्याचं उद्घाटन नुसत्या पलंगांवर झालं. तेही भरपाई मागतंय. आमच्या ऑफिसचा असल्या चुकांसाठी विमा आहे, पण विमा कंपनीच्या वकीलबाईंनी मला समोर बसवून एकच विचारलं, "तुम्हाला झोप लागली, की तुम्ही झोपलात?" लागली असेल तर ती कामातली चूक, विमा भरपाई देणार. झोपलो असेन तर ती माझी हौस. मग ऑफिस बुडणार आणि मी घरी बसणार. लागली, मी म्हटलं. बाई म्हणाल्या, साक्षीदार आणा. बायकोला विचारलं, तर म्हणाली, मी खरं तेच सांगेन. म्हणून तिला त्रास दिला नाही.

असो. जिना जपून उतरा.

तुमचा, सध्या टक्क जागा असलेला,
भाचा

ता.क. लहानपणी तोंडात घास असतानाच मला झोप लागायची आणि तुम्ही खांद्यावर टाकून न्यायचात, एवढं चार ओळींत लिहून वकीलबाईंना पाठवाल का? मुख्याध्यापकाच्या सहीला वजन असतं, निवृत्त झाला तरी. फक्त 'लागायची' असंच लिहा, 'झोपायचा' नको.

आणखी ता.क. बुटांचं कुणी विचारलं, तर तुम्हाला काही ठाऊक नाही. गाद्या उतरवताना कप्तानाला ते सापडले: जोडीने ठेवलेले, आत मोजे सारलेले, वर चष्म्याची डबी. तो कुणाला बोललेला नाही. बूट जहाजावरच आहेत, पुढच्या फेरीला येऊन घेऊन जा, असं त्याने कळवलंय. इथे नवे मिळतात, मामा. पण मी जाणार आहे.