मीटरवरचा नारळ

१२ फेब्रुवारी, बुधवार
टेंपररी मीटर आला – एकदाचा! प्लॉटवर खांब, खांबाला फळी, फळीवर मीटर, खाली स्विच. एवढ्यासाठी चपला झिजवल्या. मेघा म्हणाली, "घराला छप्पर नाही आणि लाइट आली." कौतुक की टोमणा, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला कळत नाही.

१३ फेब्रुवारी
आबांना फोन केला. उद्या स्लॅब आहे म्हटलं. "बरं," म्हणाले, ठेवून दिला. दोंडाईचा सोडून पोरगा चाळीसगावात घर बांधतोय, हा राग आहेच. त्यांच्यासाठी खाली खोली काढलीय, पूर्वेला खिडकी. राहायला येतील का? विचारायची हिंमत होत नाही. आबा स्वतः तर कधीच कोणाला काही विचारत नाहीत. माझं लग्नसुद्धा मला न विचारताच ठरवलं. मेघाबद्दल तक्रार नाही.

१४ फेब्रुवारी
पाण्याची मोटर सुरू, मजूर रांगेत, मी टोपी घालून उगाच उभा. तेवढ्यात समोरून आबा! पहिल्या एसटीने आले, न सांगता. पिशवीत नारळ.
पायरीवर फोडतील वाटलं. पण पायरी आहे कुठे? सरळ खांबाकडे गेले आणि मीटरखालच्या लोखंडी पट्टीवर हाणला. पाणी स्विचमध्ये. फाट्कन आवाज, धूर, मोटर बंद.
आबा शांत. म्हणे, "लाइट बी लक्ष्मीच शे. तिले नारय नको का?"
मी ओरडलो. सगळ्या मजुरांसमोर. "अक्कल शे का तुम्हले? कोनले इचारीसन फोडा?"
आबांनी खोबरं सगळ्यांना वाटलं. मलाही दिलं. मग पिशवीची घडी घातली आणि स्टँडकडे चालू लागले. मी थांबवलं नाही.
शेजारच्या झुंबरबाईंच्या टाकीतून बादल्यांनी पाणी आणून स्लॅब टाकला. चांगला झाला. जेवण गेलं नाही.

१५ फेब्रुवारी
वायरमनने स्विच बदलला. आत करवंटीचा तुकडा निघाला.

२ मार्च
आबा माझा फोन उचलत नाहीत. मेघाचा उचलतात. "स्लॅबले पानी मारा," एवढंच सांगतात.

९ एप्रिल
आबांच्या खोलीला रंग कोणता, मेघाने विचारलं. "आधी माणूस येऊ दे!" – तिच्यावरच खेकसलो. खरं तर रडू येत होतं.

२१ मे
कायमचा मीटर बसला. टेंपररी काढून नेला. घरात पंखे फिरले!
संध्याकाळी फाटकाबाहेर आबा. मेघाने बोलावलं होतं, मला न सांगता. आत येईनात. पिशवीतून नारळ काढला. मीटरकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"फोडू का, भाऊ?"
आबांनी विचारलं. आणि मला भाऊ म्हणाले – ऑफिसातल्या परक्या माणसाला म्हणतात तसं.
मी मेन स्विच बंद केला. म्हटलं, "फोडा आबा. मीटरवरच फोडा."
मोबाईलच्या उजेडात लिहितोय. वायरमन उद्या येईल. आबा त्यांच्या खोलीत घोरताहेत.