ताबिजातली चिठ्ठी

बाबा,

माझ्या डाव्या हातात बांगड्यांच्या पुढे आता स्टीलची एक पट्टी असते. घड्याळाच्या पट्ट्याएवढी रुंद, मधोमध चपटा पत्रा. त्यावर हिंदीत आणि इंग्रजीत कोरलेलं आहे की या बाईची वजनासाठी पोटाची बायपास सर्जरी झाली आहे, हिला सूज उतरवणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या-इंजेक्शनं देऊ नका, नाकातून पोटात नळी अंदाजाने घालू नका. खाली घरचा फोन नंबर. तुम्ही गेलात त्याला सव्वीस वर्षं झाली, त्यामुळे हे सगळं मला पहिल्यापासून सांगावं लागणार. आणि सांगायचंच आहे, कारण या सगळ्या भानगडीत मी एक गोष्ट अशी केली की ती पाहायला तुम्ही हवे होतात. अजून माझी कॉलर ताठ आहे.

रेल्वे दवाखान्याची ती खिडकी मला कधीही दिसते. मी शाळेतून तुमचा डबा घेऊन येते, जाळीपाशी रांग लागलेली असते, आणि आत तुम्ही पांढऱ्या कोटात, खिशावर मिक्श्चरचा गुलाबी डाग. कागदाची पट्टी दुमडून कात्रीने तिला खाचा पाडता आणि बाटलीला चिकटवता, एक खाच म्हणजे एक खुराक. बाटली फळीवरून काढताना एकदा नाव वाचता, ओतताना एकदा, हातात देताना एकदा, आणि तेही मोठ्याने. रांगेतला इंजिनावरचा एक फायरमन ओरडतो, ‘कंपाउंडर बाबू, पढ़ाई घर में कर लेना, मेरी गाड़ी का टाइम हो गया!’ तुम्ही मान वर न करता म्हणता, ‘गाड़ी दूसरी मिल जाएगी,’ आणि तिसऱ्यांदा वाचता. मला तेव्हा लाज वाटायची. बाकीचे कंपाउंडर कसे खटाखट पुड्या बांधायचे, आणि आपले बाबा मात्र पहिलीतल्या मुलासारखे एकेक अक्षर लावत बसलेले. शाळेत मी सांगून टाकलं होतं की माझे वडील डॉक्टर आहेत.

शेजारच्या काकूंना मी गोळी दिली तो दिवस तुम्ही विसरला नसाल. मी अकरा वर्षांची. त्यांचं डोकं दुखत होतं आणि तुमचं कपाट उघडं होतं. तुम्ही ड्यूटीवरून आलात, बनियनवर हात-पाय धूत होतात, आणि मी मोठ्या कौतुकाने सांगितलं. ‘कोणती दिली?’ ‘पांढरी.’ ‘नाव?’ ‘माहीत नाही. आईले देता ना तुम्ही, तीच.’ ‘आईले देतो म्हणून साऱ्या गल्लीले देशील? वाचलं काहून नाही?’ तसेच अनवाणी धावत गेलात. काकू चहा होईपर्यंत गोळी मुठीत धरून बसल्या होत्या म्हणून बरं. परत येऊन मला दारात उभं केलंत आणि त्या पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचायला लावलंत, तीन वेळा. आई म्हणाली, ‘पोट्टी आहे, जाऊ द्या आता.’ तुम्ही म्हणालात, ‘पोट्टी आहे म्हणूनच.’ त्या दिवशी मी जेवले नाही. ताटाला पाठ दाखवण्याची माझ्या आयुष्यातली ती एकमेव वेळ असावी.

कारण जेवण हा माझा विषयच होता, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी ब्याऐंशी किलोची होते, पंचेचाळिशीत एकशे सोळा झाले. भनपुरीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्टीचं काम बघते मी. कोणत्या ट्रकात कोणता माल चढला आणि तो कुठे उतरणार, त्याचा कागद म्हणजे बिल्टी. ऑफिस गोदामाच्या वर आहे. तो अठरा पायऱ्यांचा जिना चढताना मला दोनदा थांबावं लागायचं. गुडघे, शुगर, झोपेत अडकणारा श्वास, सगळं एकामागून एक आलं. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं आणि तुमच्या जावयांनी हिंमत दिली. पोट लिंबाएवढं करून पुढच्या आतड्याला जोडलं. सव्वा वर्षात चाळीस किलो उतरले, शुगरची गोळी सुटली, आणि मी अठरा पायऱ्या एका दमात चढले त्या दिवशी मॅनेजरने खालून टाळ्या वाजवल्या.

पण ऑपरेशनचं मी कोणालाच सांगितलं नाही. तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतलं, असं लोक म्हणतील ही भीती. कोणी विचारलं की मी म्हणायचे, सकाळी फिरते आणि दुधीचा रस पिते. वहिनीने, तुम्हीच पसंत करून आणलेल्या तुमच्या थोरल्या सुनेने, ते आपल्या सगळ्या मराठी बायकांत पसरवलं. मला कृती विचारायला फोन यायला लागले. आणि मी कृती सांगितली, बाबा. थोडा पुदिना घाला म्हटलं.

त्याची शिक्षा लवकरच मिळाली. महालक्ष्म्यांना तीन दिवस वहिनीकडे होते आणि माझी दाढ ठणकत होती. वहिनीच्या पर्समध्ये गोळ्यांची एक डबी असते. तुमच्या शेवटच्या तीन महिन्यांत तुमचं औषधपाणी तिनेच केलं, तेव्हापासून ती स्वतःला अर्धी डॉक्टर समजते. कोणाचं काहीही दुखो, डबी उघडते आणि म्हणते, ‘घे वं, कंपाउंडरची सून हाय मी.’ तिने मला गोळी दिली तेव्हा पाकीट माझ्यासमोर होतं. मी नाव वाचलं. दवाखान्यातून घरी सोडताना दिलेल्या कागदावर ‘हे कधीही नाही’ म्हणून जे पहिलं नाव होतं, तेच. समोर दहा-बारा बायका बसलेल्या. नाही म्हटलं तर का नाही, ते सांगावं लागणार. मी गिळली. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, वहिनी आठवणीने आणून देत होती आणि मी गिळत होते. पुढच्या आठवड्यात शौचाला डांबरासारखं काळं झालं, ऑफिसात चक्कर येऊन पडले. पोटाच्या जोडावर जखम होऊन आतल्या आत रक्त गेलं होतं. दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. डॉक्टर एवढे तापले की नर्स बाहेर निघून गेली. ‘आप बेहोश हो गईं तो कौन बताएगा? कुछ पहनिए, जिस पर लिखा हो.’

मग मी काय केलं असेल? पुरानी बस्तीतल्या सोनाराकडून चांदीचं ताबीज करून घेतलं. चिठ्ठीवर सगळं लिहिलं, बारीक घडी केली, ताबिजात बसवली आणि ते काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं, पदराखाली. हे म्हणाले, ‘अगं, पण हे वाचणार कोण?’ मी म्हटलं, वेळ आली की वाचतील. नातेवाईकांना वाटलं, दुखण्यातून उठली, कोणाचं तरी मंतरलेलं घेतलं असेल. माझं फावलं. रोज शेकडो खोक्यांवर कागद वरच्या बाजूला नीट दिसतो ना हे बघणारी बाई मी, आणि स्वतःचा कागद असा मिटून-झाकून ठेवला.

वेळ मागच्या हिवाळ्यात आली. दुपारी गोदामाच्या ओट्यावरून उतरताना पाय मुरडला आणि घोट्याचं हाड कट्कन वाजलेलं मी ऐकलं. आमच्या जुन्या ड्रायवर भैयाने मला उचलून जवळच्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये नेलं. मॅनेजर आणि बिल्टी कापणाऱ्या दोघी मागून आल्या. हे गावाला गेले होते, म्हणून कोणीतरी वहिनीला फोन केला, तीही पोचली. एक्स-रेच्या आधी तिथली सिस्टर म्हणाली, ‘दीदी, ताबीज उतारना पड़ेगा.’ कळवळत मी हूं म्हटलं. तिने ते किती मायेने काढलं! आधी स्वतःच्या कपाळाला लावलं, मग माझ्या, आणि जमिनीवर कुठे ठेवायला नको म्हणून ड्रायवरच्या ओंजळीत दिलं. त्याचा माल बिलासपूरला निघायचा होता. देवाची वस्तू खिशात कशी ठेवायची म्हणून त्याने ती केबिनमध्ये देवाच्या फोटोला टांगली, हात जोडले आणि गाडी काढली. माझी चिठ्ठी बिलासपूरच्या रस्त्याला लागली आणि मी इथे पलंगावर.

कंपाउंडर आला, माझ्याच वयाचा असेल, हातात भरलेली सिरिंज. ‘दर्द का है दीदी, अभी आराम मिलेगा.’ मी गळ्यापाशी हात नेला, तिथे काही नव्हतं. पायातून अशी कळ येत होती की कोणी विष दिलं असतं तरी मी घेतलं असतं. उशाशी वहिनी, पायाशी मॅनेजर आणि त्या दोघी, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. एकच इंजेक्शन आहे, काय होतंय, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. बाबा, मग मला तुमचा आवाज आला वगैरे असं काही झालं नाही. मला रक्ताच्या त्या दोन बाटल्या आठवल्या आणि मी भयंकर घाबरले. मी म्हटलं, ‘भैया, नाम पढ़िए इसका.’ ‘सबको यही लगता है दीदी.’ ‘ज़ोर से पढ़िए.’ त्याने ट्रेमधली रिकामी कुपी उचलून वाचलं. त्याच जातीचं औषध होतं. मग मी सगळ्यांच्या देखत, पलीकडच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, ‘मेरा वजन कम करने का ऑपरेशन हुआ है। पेट का बायपास। ये दवा मुझे नहीं चलती। एक बार खाई थी, खून चढ़ाना पड़ा था।’

कंपाउंडरने सिरिंज परत ट्रेमध्ये ठेवली आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी मला चालणारं दुसरं औषध सलाइनमधून सुरू केलं. पहिली बोलली ती वहिनी. ‘म्हंजे... तो दुधीचा रस?’ मी म्हटलं, ‘पेले ना वहिनी. ऑपरेशन झाल्यावर.’ मॅनेजरला हसू आवरेना, मग त्या दोघींना, मग पाय मोडलेल्या मलाही. संध्याकाळी तो कंपाउंडर पुन्हा येऊन पलंगापाशी उभा राहिला. ‘दीदी, आपके घर में कोई डॉक्टर हैं क्या?’ शाळेत मी जे खोटं सांगितलं होतं ते इथेही खपलं असतं. मी म्हटलं, ‘नहीं भैया। मेरे बाबा रेलवे अस्पताल में कंपाउंडर थे। तीन बार पढ़ते थे।’ तो म्हणाला, ‘तभी.’ एवढंच म्हणाला, पण तो शब्द मी घरी घेऊन आले.

चार दिवसांनी ड्रायवर भैया ताबीज घेऊन आला आणि त्याच्या बोलीत म्हणाला, ‘दीदी, तुँहर ताबीज ला गाड़ी म भगवान तीर टाँग दे रहेंव. देख, बने-बने पहुँच गेंव.’ त्याची फेरी सुखरूप झाली ती ताबिजामुळे, याची त्याला खात्रीच आहे. मी ते त्यालाच देऊन टाकलं आणि पट्टी करायला टाकली. आता ती बांगड्यांच्या पुढे उघड्यावर असते. हळदीकुंकवाला बायका विचारतात, हे काय गं, आणि मी सांगते. दुधीच्या रसाची कृती मागणाऱ्यांपैकी एकीने मला बाजूला घेऊन हळूच कबूल केलं की तिनेही दुसऱ्या गावी जाऊन तेच ऑपरेशन केलंय, आणि गुडघ्यासाठी रोज कसलीशी गोळी खाते. मी तिला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेले. गोळी बंद झाली. तिच्या हातातही आता पट्टी आहे, माझ्यापेक्षा नाजूक, तिने सोनेरी करून घेतली. मी रोज लोह सकाळी घेते आणि कॅल्शियम दुपारी, दोन्ही एकत्र घेत नाहीत म्हणून, आणि प्रत्येक वेळी नाव मोठ्याने वाचते. हे विचारतात, ‘झाला का पाठ?’

एकच गोष्ट राहिली. घोट्याचं प्लास्टर निघालं त्या दिवशी वहिनी आली, डबी न आणता. बराच वेळ भाजी निवडत बसली आणि मग खाली बघूनच म्हणाली, ‘एक विचारू? महालक्ष्म्यांत दाढेसाठी मी तुले देत होती ते गोळी, त्याच्यानं त झालं नाही ना वं तुले ते?’ तिचा हात थांबला होता. तुमच्या उशाशी तीन महिने बसलेली बाई ती. मी म्हटलं, ‘नाही वहिनी. मी त्या गोळ्या तुमच्या मागे टाकून देत होते. खाल्ली ती नंतर ऑफिसात कोणी दिलेली.’ तिने एवढा मोठा श्वास सोडला की मला तिच्याकडे बघवेना. नाव मी वाचलं होतं आणि गिळलंही मीच, तर चूक तिची नाहीच, पण ते तिला समजावण्यात माझा जन्म गेला असता. आजकाल ती माझा गोळ्यांचा डबा तपासायला म्हणून कपाट उघडते, त्यामुळे हे पत्र घरात ठेवता येणार नाही. लिहून झालं की फाडून टाकेन. बाकी सगळं मी जगाला हात पुढे करून सांगते, बाबा, एवढं एक तिच्याशी खोटंच बोलणार आहे, तुम्ही रागावलात तरी.