गव्हाणीवरचा बर्फ

२ डिसेंबर

पोचलो एकदाचा पेन्यानेग्राला! तुन्हा शहरातून निघताना बसच्या काचेबाहेर नुसतं धुकं होतं. इथे उतरलो तर असं लख्ख ऊन, की डोंगराखालचा तो अ‍ॅस्बेस्टॉसचा बंद कारखानासुद्धा देखणा वाटला. थांब्यावर मार्लेनी उभी होती, निळ्या लोकरीची रुआना घोंगडीसारखी पांघरून, हातात चीजच्या गरम पावांची पिशवी. कॉलेज सोडल्याचं फोनवर कळवलं होतं, तरी तिनं पुन्हा विचारलं, खरंच सोडलंस? म्हटलं, सरांच्या टेबलावर परीक्षेचा पेपर फाडून ठेवला आणि निघालो, आता पाया पडलो तरी घेणार नाहीत. म्हणाली, गाढवा, माझ्यासाठी पेपरबिपर फाडत जाऊ नकोस. पण हसली. त्या हसण्यावर मी अख्खा दिवस काढला.

लग्नाचं मी मागच्याच महिन्यात विचारलंय. तिचं म्हणणं, सोळा तारखेला नाताळाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना सुरू होते, त्या दिवशी घरात येशूजन्माची गव्हाणी मांडते, मग बाळ येशूसमोर काय ते सांगते. म्हणजे चौदा दिवस. तोवर राहायचं तर काम हवं. तेही मिळालं, घरांतलं अ‍ॅस्बेस्टॉस काढणाऱ्या टोळीत. मुकादमाचं नाव एउदोरो. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एवढंच म्हणाला, दाढी की नोकरी, ठरव.

३ डिसेंबर

दाढी गेली. अख्खं तोंड झाकणारा काचेचा मास्क गालाला घट्ट बसला पाहिजे. मध्ये खुंट आले की फटीतून हवा शिरते, आणि त्या हवेत काय आहे ते डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही. छातीत जाऊन बसतं आणि तीसेक वर्षांनी बोलायला लागतं. टोळीतल्या नूबियानं मला उलट्या बादलीवर बसवून भादरलं. बारा वर्षं या कामात आहे बाई, आणि जीभ वस्तऱ्याहून धारदार. म्हणाली, या सतरा केसांसाठी फुप्फुस देणार होतास होय रे फेर्ने? मार्लेनीनं पाहिलं तर म्हणे, सोललेला बटाटा.

आणि नशीब बघा, माझं पहिलंच घर तिचं! तिचे वडील आर्सेन्यो कारखान्यात पोती फोडायचे. घरच्यांना थंडी वाजू नये म्हणून तिथला अ‍ॅस्बेस्टॉसचा पांढरा मऊ कापूस आणून त्यांनी सगळा माळा स्वतःच्या हातांनी भरला. नऊ वर्षांपूर्वी खोकून खोकून गेले. आजपासून मार्लेनी आणि तिची आई, एतेल्विनाकाकू, मावशीच्या किराणा दुकानामागच्या खोलीत राहतील. सोळाच्या आत घर साफ करून परत द्यायचं.

मुकादमानं काकूंना विचारलं, बर्फ आहे का घरात? मला कळेना. नूबियानं सांगितलं, या गावात गव्हाणीवर जो बर्फ पसरतात तो हाच. बाप कारखान्यातून सगळ्यांत शुभ्र पुंजका निवडून आणायचा, आई डब्यात जपायची, आणि पोरं दर नाताळला बाळ येशूच्या अंगावर फुंकून भुरभुरवायची. काकू म्हणाल्या, आमचा केव्हाच संपला हो. मुकादम बराच वेळ वहीवर पेन्सिल आपटत राहिला.

५ डिसेंबर

दोन दिवस नुसती बांधाबांध. दारं, खिडक्या, भिंतीतल्या फटी, सगळं दुहेरी प्लास्टिक आणि टेपनं बंद. मग हवा ओढणारं यंत्र सुरू केलं. घरातली हवा गाळून बाहेर फेकतं, त्यामुळे प्लास्टिकच्या भिंती आतल्या बाजूला फुगतात. मुकादम म्हणाला, प्लास्टिकची पोटं आत असली की घर आपलं आतल्या आत ठेवतंय. बाहेर आली की पळ.

बाहेर पडायला तीन खोल्या. पहिलीत पांढरा सूट आतली बाजू बाहेर करत सोलायचा. दुसरीत मास्क तोंडावर ठेवूनच आंघोळ. मास्क निघतो सगळ्यांत शेवटी, तिसरीत. आत असताना तो काढायचा नाही, मुकादमानं ही एकच गोष्ट चार वेळा सांगितली. मी म्हटलं, मी बहिरा नाही. तो म्हणाला, आधीचा पोरगा पण नव्हता.

६ डिसेंबर

आज आत गेलो. नूबिया आणि मी. माळ्यावर गुडघ्याइतका कापूस, करडा-पांढरा, उशीत भरल्यासारखा. आधी साबणाचं पाणी फवारून भिजवायचा, ओला होऊन बसला की हातानं उचलायचा, पिशवीत भरायचा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तोंड पिळून टेप. झाडू नाही, घाई नाही, आपटाआपटी नाही. मला वाटायचं ताकदीचं काम असेल. हे तर झोपलेल्या बाळाचं दुपटं बदलण्यासारखं आहे.

वरचा थर निघाल्यावर खाली दाबल्याच्या खुणा दिसल्या. पंजे. पाच-पाच बोटं, ओळीनं. आर्सेन्योंनी ठोकून ठोकून भरलं असणार. सासरेबुवांच्या हातावर हात ठेवून पाहिला. माझ्याहून मोठा. नूबियानं मनगटावर चापट मारली.

८ डिसेंबर

माळ्यावर कुणीतरी खोकलं. ओलसर, लांब, शेवटी शिट्टी वाजल्यासारखं. मला वाटलं नूबिया. बाहेर आल्यावर विचारलं तर तिनं माझ्याकडेच पाहिलं. तिला वाटलं होतं मी. मग म्हणाली, मास्कमध्ये आवाज फिरतो, सोड. पण दुपारी जेवताना तिनं एकही टोमणा मारला नाही.

१० डिसेंबर

झालं. मुकादमानं विजेरी आडवी धरून फळीन् फळी तपासली, काळ्या फडक्यानं पुसून पाहिली. हवेचे नमुने घेतले, निकाल चांगला आला; घराची किल्ली मात्र कागदपत्रं झाली की, सोळाला. माळा कोरा करकरीत. प्लास्टिक उतरवलं तेव्हा मी ओरडलोच आनंदानं.

धावत मार्लेनीकडे गेलो. खोली लहान, ऊबदार, गुळाच्या गरम पाण्याचा वास. तिच्या केसांत पांढरं काहीतरी होतं. म्हणाली, मावशीचं पीठ असेल. मी बोटांनी अलगद काढलं. ते चुरलं नाही. बोटांना चिकटून राहिलं. मी पँटला पुसलं.

तिला खोकला झालाय. म्हणे दोनच दिवस झाले, जागा बदलली ना.

१२ डिसेंबर

काकूंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, बाळा, तू रागावणार नसशील तर सांगते, रोज दुपारी तीनला आर्सेन्यो येतात. पलंगाच्या कडेला बसतात. पूर्वीसारखे खोकतात, मग दम लागला की माझ्याकडे बघतात. मी म्हटलं, काकू, तुम्ही दमलाय. त्यांनी चादर दाखवली. कडेला माणूस बसल्यासारखा खळगा. खळग्यात पांढरी लव.

हात लावला नाही. हे मात्र आठवणीनं लिहून ठेवतो. आज हात लावला नाही.

१३ डिसेंबर

डबा सापडला. मार्लेनीच्या खोलीत पलंगाखाली, बिस्किटांचा, बदकांचं चित्र असलेला. बर्फ. काकू खोटं बोलल्या नव्हत्या, त्यांना ठाऊकच नव्हतं. टोळी यायच्या आदल्या दिवशी मार्लेनीनं लपवून आणला. गव्हाणी बाबांच्या बर्फाशिवाय मांडायची नाही म्हणून.

मी ओरडलो. काय काय बोललो. ती म्हणाली, बाबांची उरलेली एवढी एकच वस्तू, तीसुद्धा तुला पिशवीत कोंबून टेप मारायचीय? म्हटलं, ज्यानं मारलं त्यालाच पुजतेयस! तिनं थोबाडीत मारली. मग डबा पोटाशी धरून म्हणाली, मुकादमाला एक शब्द जरी बोललास तर सोळा तारखेला येऊच नकोस.

नाही बोललो. दिवसभर मुकादमाशेजारी बसून यंत्राच्या नळ्या धुतल्या आणि नाही बोललो.

१४ डिसेंबर

तिचा फोन. धाप लागलेली. म्हणाली, फेर्ने, डबा अर्धा होता रे. आणताना मी उघडून पाहिला होता. आता झाकण बसत नाही.

मी म्हटलं, बंद कर, ओलं फडकं टाक, खोलीतून बाहेर पड. ती म्हणाली, बाबा म्हणतात उद्याच मांड. सोळापर्यंत थांबता येणार नाही म्हणतात.

मुकादमाला आत्ता सांगायला हवं. त्याच्या दारापर्यंत गेलो. परत आलो. तिनं सोळाला नाही म्हटलं तर— उद्या सांगतो. सकाळी आधी तिला समजावतो, मग सांगतो.

१५ डिसेंबर, सकाळी दहा

सूट घालून, मास्क लावून गेलो. काकू दुकानात होत्या. म्हणाल्या, ती दार उघडत नाही.

ढकलून उघडलं मी. सगळं पांढरं. पलंग, खिडकी, जमीन. मधोमध गव्हाणी, मेंढ्या गळ्यापर्यंत बुडालेल्या, बाळ येशू दिसतच नाही. ती मध्ये बसलेली. पापण्यांवर बर्फ. माझ्याकडे बघून हसली आणि खोकली. लांब. शेवटी शिट्टी.

मास्क तिला दिला. हो, आत काढला. काढला आणि तिच्या तोंडावर चढवला, पट्ट्या आवळल्या. मी आता असाच.

सव्वादहा

मुकादमाला फोन केला. सगळं सांगितलं. तो शिव्या देईल वाटलं. हळू आवाजात म्हणाला, दार लाव, फटींना टेप लाव, पंखा नको, झाडू नको, हलू नकोस. तिला तशीच बाहेर काढलीस तर दुकानातल्या माणसांच्याही छातीत जाईल. पाणी आणि यंत्र घेऊन येतो, अर्धा तास, पोरा. त्यानं पहिल्यांदा पोरा म्हटलं.

टेप लावली. बसलोय. हलायचं नाही म्हणून लिहितोय. मास्कमधून तिचं बोलणं कळत नाही, तेव्हा तिनंही पेन्सिल घेतली. हे तिचं अक्षर—

*रागावलायस?*

नाही गं.

*मी वेडी आहे.*

मीपण.

*मागे बघू नकोस. बाबा तुझ्यामागे बसलेत.*

बघत नाही. पलंग करकरला. मानेवर गार—

साडेदहा

गाडीचा आवाज नाही अजून. छातीत काही दुखत नाही. तीस वर्षं दुखणार नाही, माहितीये. तीस वर्षं तिच्याबरोबर मिळाली तर चालतील. लगेच सही करतो.

तिनं पुन्हा पेन्सिल मागितली.

*हो.*

एवढंच. सोळाची वाट न बघता. हो म्हणाली! मार्लेनी हो म्हणा—

तिच्या मास्कची काच धूसर होतेय. वाफ. पुसली.

बाहेरून कोरडी आहे. आतून— वाफ नाही ती. धागे. हनुवटीपासून वर चढतायत. तिच्या ओठांतून येतायत—

मान हलवतेय. हात पट्ट्यांकडे. मी धरला. आत काढायचा नाही. पण हे आत तिच्याच—

काढला तर सगळं— नाही काढला तर—

डोळे दिसतायत अजून. माझ्याकडेच.

एक पट्टी सोडली. दुसरी सुटत नाही. तिथे आधीच कुणाचं तरी बोट आहे, ओलं, पांढरं, माझ्याहून मोठं, आणि ते सोडत नाहीये, आवळ—