गाण्यांनंतरच्या आरत्या

शनिवार, ७ डिसेंबर १९९६
कोपरखैरणे

ऋजुताच्या बँडच्या कॅसेटवर आरत्या कशा आल्या, ते अखेर कळलं. कॉपी काढून देणाऱ्या सावंतांनीच संध्याकाळी फोनवर सांगितलं. "साहेब, पोरीची गाणी दहा-बारा मिनिटांत संपली. पुढे टेप कोरी कशी सोडायची? बरं दिसत नाय ते. म्हणून आरत्या भरल्या."

कोरी टेप. एवढंच कारण!

मुलीच्या बँडचं हे डेथ मेटल, म्हणजे गिटारांच्या गोंगाटावर गुरगुरत म्हटलेली गाणी, मला मिक्सरमध्ये खडे घातल्यासारखं वाटतं. लोकांनी गाण्यांना नावं ठेवली असती तर चाललं असतं. पण जो तो आरत्यांवरच घसरतो. वाशीच्या कॅसेटवाल्याकडे एक कॉलेजकुमार म्हणाला, "गुरगुरणं एक नंबर, आणि वर आरती? डेअरिंग हाय, बॉस!" आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कदम मात्र जिन्यातच कडाडले, "पत्रकाराच्या घरात देवाची टिंगल?" बँडला तालमीसाठी दिलेली गच्चीवरची खोली काढून घ्यायची म्हणतात. ती गेली की बँड संपला. एवढ्या आवाजाला दुसरी जागा कोण देणार?

मी ऋजुताला म्हटलं, माफी मागून मोकळी हो.

"कशाबद्दल, बाबा? कोऱ्या टेपबद्दल?"

मी सावंतांना परत फोन लावला.

उद्या सकाळी कमिटी बसेल. आरत्या कशा आल्या ते सावंत स्वतः येऊन सांगणार आहेत. सोसायटीच्या भजनी मंडळात पेटी तेच वाजवतात, कदम त्यांचं ऐकतील. पण ऋजुताची अट आहे: आधी कमिटीने तिची सगळी गाणी ऐकायची, आवाज कमी न करता.